दविस

शुक्रवारचा शेवटचा तास. अर्धा फेब्रुवारी सरला की आमच्या शाळेच्या खिडक्यांतून नागपूरच्या कळमन्याच्या बाजारातली मिरची आत येते. दिसत नाही, पण येते. आधी नाकात हुळहुळतं, मग एक पोरगं शिंकतं, मग त्याला साथ म्हणून चार जण खोटं खोटं शिंकतात आणि वर्ग पाच मिनिटं हातचा जातो. त्या दिवशी तसंच झालं म्हणून मी चौथीला श्रुतलेखन घातलं. श्रुतलेखनाला वर्ग गप्प बसतो, हा बावीस वर्षांचा अनुभव. दहा शब्द सांगायचे ठरवले, आणि त्यात मिरची आलीच.

खिडकीकडून तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. वाचताना तो ओळीवर बोट ठेवतो, पण बोट पुढे सरकलं तरी डोळा मागच्याच शब्दावर अडकलेला असतो. गोष्ट सांगायला उभा केला तर मात्र वर्ग जागचा हलत नाही. मामाच्या शेतात रात्री रानडुकरं येतात तेव्हा मचाणावर बसून डबे कसे वाजवतात, हे त्याने एकदा सांगितलं तर मागच्या बाकावरची पोरं पुढे सरकून आली होती. पण वही उघडायला सांगितली की त्याचा डावा हात आपोआप पानावर आडवा येतो. झाकायला. मी शब्द सुरू करण्याआधी त्याच्यापाशी गेले, वाकले आणि हळूच म्हणाले, "तू पाचच लिही हं. पहिले पाच." त्याने मान हलवली. शेजारच्याने ऐकलंच. "मॅडम, याले काऊन पाचच?" मी म्हणाले, "तू तुझं लिही," आणि फळ्याकडे वळले.

घंटा झाली. दप्तरं खांद्यावर चढली, दारात नेहमीची रेटारेटी झाली, आणि ती ओसरल्यावर तो एकटा माझ्या टेबलाशी उभा दिसला. वही पुढे केली. "मॅडम, माहे बी दहा झाले."

वहीत खरंच दहा शब्द होते. पहिले पाच त्याचे स्वतःचे. ओळ सोडून चढणारे-उतरणारे, खोडलेले, ओल्या बोटाने पुसून पुसून एका जागी कागदाला भोक पडलेलं. पुढचे पाच शेजारच्याच्या वहीतून घेतलेले. रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी एकेक रेघ जपून ओढलेली. त्या पाचांत एकही चूक नव्हती. लाल पेन माझ्या हातात होतं आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना. मी वही मिटून ठेवली आणि "शाब्बास" म्हणाले. तो पळाला.

तो शब्द मला रात्रभर छळत राहिला. शाब्बास कशाला म्हणाले मी? पाहून लिहिण्याला? की मी त्याला दिलेली सूट त्याने मला परत आणून दिली, त्याला? प्रशिक्षणात आम्हाला सांगितलेलं असतं की ज्याला झेपत नाही त्याचा भार हलका करा, प्रश्न कमी द्या, वेळ जास्त द्या. ते चुकीचं नाही. मी तेच केलं, मायेने केलं, कानाशी लागून केलं. पण त्या लेकराने माझ्या मायेतला फक्त एकच शब्द ऐकला होता: कमी. आणि ते कमी भरून काढायला तो शिंकांच्या त्या गोंधळात मान वाकडी करून पाच शब्द कोरत बसला होता.

जेवणं आटोपल्यावर ती वही मी पुन्हा उघडली. दहाचे दहा शब्द समोर होते, पण नजर पुढच्या पाचांवर ठरेना, पहिल्या पाचांकडेच जाई. मी सांगितलेले शब्द होते: दिवस, मिरची, पिवळा, सूर्य, आजी. त्याने लिहिले होते: दविस, मरिची, पविळा, सूरय, आजी. नेहमीप्रमाणे मी मनातल्या मनात चार गोल मारले. मग कोण जाणे काय वाटलं, मी पेन्सिल घेतली आणि तो शब्द त्याच्या हाताने लिहून पाहिला. म्हणजे त्याने जसा काढला असेल, त्या क्रमाने. दिवस. तोंडाने म्हणत म्हणत. द... द काढला. मग कानाला इ ऐकू येतो, म्हणून वेलांटी काढली. मग व. मग स. कागदावर काय उमटलं? दविस.

मी खूप वेळ तशीच बसून होते.

त्याने काहीही चुकवलं नव्हतं. जे ऐकलं ते, ज्या क्रमाने ऐकलं त्या क्रमाने लिहिलं होतं. आपल्या लिपीत पहिली वेलांटी उच्चारायची नंतर आणि काढायची आधी. द तोंडातून बाहेर पडायच्या आत तिचा कणा कागदावर उभा राहिलेला असावा लागतो. आपला हात चाळीस वर्षांचा सराईत, आपल्याला हे जाणवतही नाही. त्याला मात्र हे कधी कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायला हवं हे मलाही कधी सुचलं नव्हतं. त्याच्या मरिचीकडे पुन्हा पाहिलं. पहिली वेलांटी घसरलेली, पण दुसरी, ची मधली, अगदी जागच्या जागी. आजी तर पूर्ण बरोबर. कारण दुसरी वेलांटी अक्षरानंतरच येते, तिथे कान आणि हात एकाच बाजूने चालतात. इतकं सरळ होतं ते. आणि बावीस वर्षं मी अशा शब्दांना लाल गोल मारत आले, खाली 'शुद्धलेखन सुधारा' असं लिहीत आले, आणि तोच शब्द दहा-दहा वेळा लिहून आणायला लावत आले. दहा वेळा लिहायला लावलं की चूकही दहा वेळा पक्की होते.

सूरयचंही तेच. सूर्य म्हणताना र आधी येतो, य नंतर. पण लिहिताना य काढून झाला की मग त्या र ला त्याच्या डोक्यावर चढवायचं. पुन्हा हाच र चक्रात अक्षराच्या पोटात शिरतो, ट्रकमध्ये टच्या खाली छपरासारखा उभा राहतो, आणि आपल्याच वऱ्हाडात आडवा होऊन चंद्रकोरीसारखा य-हच्या पुढे लागतो. एक आवाज आणि इतकी सोंगं. मला आपली लिपी फार आवडते. तिच्या शिरोरेघेखाली अक्षरं ओळीने टांगलेली पाहिली की वलणीवर घातलेल्या धुतल्या कपड्यांसारखं स्वच्छ वाटतं. पण तिच्या घरात शिरायचा दरवाजा काही लेकरांसाठी फार ठेंगणा आहे. बहुतेक जण सवयीने वाकून आत जातात, एखाद्याच्या कपाळाला चौकट लागते, आणि आपण त्यालाच विचारतो, बघून चालता येत नाही का?

मग मला आकड्यांचं आठवलं. हाच मुलगा सत्तावीस सांगितलं की ७२ लिहितो. दुसरीपासून लिहितो. मी समजत होते की त्याची आकड्यांची गफलत वेगळी आणि अक्षरांची वेगळी. सत्तावीस म्हणताना आधी सात येतो, मग वीस. तो आधी सात लिहितो, मग दोन. पुन्हा कानाच्या मागोमाग गेलेला हात. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि त्यात सत्तावीससोबत 'वीस सात' असं वाचन आलं, तेव्हाचा गदारोळ सगळ्यांनाच आठवत असेल. विधिमंडळापर्यंत विषय गेला, मोबाईलवर विनोद फिरले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की जोडाक्षरांनी भरलेली ही नावं आणि त्यांचा उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. त्या वेळी आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांत मोठ्या आवाजात विरोध मी केला होता. त्र्याण्णव हा शब्द जिभेवर कसा खणखणतो! आपली भाषा अशी सपाट का करायची? एकोणतीसमध्ये तीस उणे एक हे सगळं गणितच दडलेलं आहे, ते मुलांनी गमवायचं का? मी तेव्हा जे बोलले ते अजूनही मला पूर्ण खोटं वाटत नाही. पण बोलताना माझ्या डोळ्यांसमोर त्र्याण्णव होता, तो लिहिताना घाम फुटणारं पोरगं नव्हतं.

आणि गंमत पाहा, मोठा आकडा आधी म्हणायची रीत माझ्या घरातच होती. माझी आजी भिवापूरकडची. मिरचीच्या तोडणीला जायची, पुढे उमरेडच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. तिचा हिशेब विसांनी चालायचा. सत्तेचाळीस रुपये झाले की म्हणायची, "दोन वीसा न् सात." सदुसष्ट म्हणजे तीन वीसा न् सात. लुगड्याच्या ओच्यात चिंचोके असायचे, एक वीसा झाली की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. ढीग मोठा झाला तरी तिचा हिशेब कधी चुकल्याचं आठवत नाही. मी तिसरीत असताना तिला सत्तेचाळीस म्हणायला शिकवायला गेले होते. तिने दोनदा म्हणून पाहिलं, हसली आणि म्हणाली, "हे उलटं हाय बाई, मले नाही जमत." मला तेव्हा तिची कीव आली होती. ती अडाणी आहे म्हणून.

माझ्या वर्गात एक तेलुगू घरातली मुलगी आहे. तिचे वडील सकाळी इडलीची गाडी लावतात. तिला हिशेबात कोणी हरवू शकत नाही. एकदा मी तिला विचारलं, मनात कसं मोजतेस? तर म्हणाली, "इरवै एडु, मॅडम." वीस सात. तिच्या कानाला जे आधी येतं तेच तिचा हात आधी लिहितो. तिच्या डोक्यात आणि माझ्या आजीच्या ओच्यात एकच रीत, आणि ती मी माझ्या शाळेच्या दाराबाहेर ठेवून आले होते.

डीएडला असताना एका सरांनी आम्हाला 'ढ' ची गोष्ट सांगितली होती. म्हणाले, ब्राह्मीपासून आजपर्यंत सगळी अक्षरं बदलत गेली, एकट्या ढ ने आपलं रूप सोडलं नाही. म्हणून जो बदलत नाही, शिकत नाही, त्याला ढ म्हणायचं. आम्ही सगळ्या हसलो होतो, वहीत लिहूनही घेतलं होतं. माझ्या वर्गात, म्हणजे मी विद्यार्थिनी असताना, एक ढ होता. कोणत्याही प्रश्नाला त्याने उत्तर दिल्याचं आठवत नाही. पट्टी पडली की तळहात मांडीखाली दाबून बसायचा, ते तेवढं आठवतं. सहावीनंतर तो आला नाही. त्याला वाचता येत नव्हतं, की त्याला फळाच दिसत नव्हता, की ऐकू येत नव्हतं? कोणी पाहिलंच नाही. त्या वर्गात आम्ही साठेक मुलं होतो आणि बाई एकट्या होत्या, हे मला आता कळतं. तरी तो मांडीखाली दाबलेला हात डोळ्यांसमोरून जात नाही.

पाहायचं म्हणजे काय, हे मला एका मुलीने शिकवलं. चार वर्षं झाली असतील. तिच्या दोन्ही कानांना यंत्रं होती. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि माझं कर्तव्य संपलं असं मानलं. ती सगळ्या सूचना पाळायची, पण नेहमी एक क्षण उशिरा. आधी शेजारणीकडे बघायची, मग पुस्तक उघडायची. माझा समज असा की आळशी आहे. एक दिवस दुपारी वीज गेली. वर्गातले दोन्ही पंखे थांबले. आमच्या पंख्यांचा आवाज म्हणजे गिरणीच. आणि त्या उकाड्यात, घामाच्या धारांत, ती मुलगी पहिल्यांदा कोणाकडेही न बघता माझ्या प्रश्नाला उत्तर देऊन मोकळी झाली. वीज आली आणि ती पुन्हा शेजारणीकडे बघू लागली. तिच्या आईला बोलावलं तेव्हा कळलं की ते यंत्र सगळेच आवाज मोठे करतं. माझा आवाज, पंख्याचा, बाकाच्या खुरांचा, कळमन्याहून जाणाऱ्या मालगाडीचा. आणि जे ऐकू येत नाही ते ती माझ्या ओठांवरून उचलत होती. मी मात्र अर्धा तास फळ्याकडे तोंड करून बोलायचे.

त्या दिवसापासून मी लिहिताना बोलत नाही. आधी लिहायचं, खडू ठेवायचा, वर्गाकडे वळायचं, मग बोलायचं. सुरुवातीला फार अवघड गेलं. तोंडावर हात ठेवून खोकणंसुद्धा जपून. खुर्च्या-बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले, ते काम पोरांनीच केलं. तिच्या बाकावरचा पंखा थंडीत बंद ठेवायचा, आणि उन्हाळ्यात निदान कविता शिकवताना तरी. मुलं कुरकुरली, पण झालं. आणि मला जे अपेक्षित नव्हतं ते असं की मी वळून, थांबून बोलायला लागल्यावर मागच्या बाकावरच्या चार-पाच जणांच्या वह्या सुधारल्या. त्यांच्या कानांना काही झालेलं नव्हतं. त्यांनाही माझी पाठच ऐकू येत होती, एवढंच. ती मुलगी आता आठवीत आहे, दुसऱ्या शाळेत. माझी सवय मात्र राहिली.

हे सगळं असंच गोड होत जातं असं कोणाला वाटू नये म्हणून त्या दुसऱ्या मुलाबद्दल सांगायला हवं. तो पहिलीत आला होता. बोलायचा नाही, नजरेला नजर द्यायचा नाही, स्वतःच्या बाकाच्या कडेवरून बोट फिरवत बसायचा. त्याची कडा, त्याची जागा, कोणी बसलं तर रडून आकांत. ते मी सांभाळलं. मग तान्हा पोळा आला. पोरं लाकडी बैल सजवून घेऊन आली, कोणाच्या बैलाला झूल, कोणाच्या बैलाला चॉकलेटच्या चांद्या. फाटकाशी ढोल सुरू झाला आणि तो मुलगा दोन्ही कान दाबून जमिनीवर पडला. त्याच्या तोंडून जो आवाज येत होता तो मी विसरू शकत नाही. मी त्याला उचलून मागच्या खोलीत नेलं, तिथेही ढोल येतच होता. नंतर मी म्हणाले, पुढच्या वर्षी ढोल शाळेबाहेर, कोपऱ्यावर वाजवू. एक पालक म्हणाल्या, "एका पोरासाठी सगळ्यांचा सण काऊन बुडवायचा?" मला उत्तर सुचलं नाही. सण बुडत नव्हता हे खरं. पण ढोलाशिवाय पोळा म्हणजे माझ्याही मनाला काहीतरी अळणी वाटत होतं, हेही खरं. पुढचं वर्ष आलंच नाही. दिवाळीनंतर आईवडिलांनी त्याला विशेष शाळेत घातलं. कदाचित तिथे तो सुखी असेल. त्याच्या जाण्याने मला वाईट वाटलं, आणि त्या आठवड्यात माझा वर्ग सुरळीत चालला तेव्हा सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकाच छातीत होतं.

तिसऱ्या बाकावरच्या मुलाकडे परत येते. शनिवारी मी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्या म्हणाल्या, अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचायला-लिहायला शिकताना येणाऱ्या अडचणीची तपासणी करून घ्या, दाखला असेल तर पुढे दहावीला उपयोग होतो. त्यांचं बरोबरच होतं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत हे बसत नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले आणि अध्ययन अक्षमतेला त्यांत जागा दिली. दाखला असला तर परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला आणखी एक तास. लेखनिक मिळू शकतो. दविस लिहिणाऱ्या मुलाला तो एक तास म्हणजे काय असेल, याची कल्पना मला आता येते.

त्याच्या वडिलांना बोलावलं. ते पारडीकडे वेल्डिंगच्या दुकानात काम करतात. खुर्चीवर बसेनात, म्हणून मीही उभी राहिले. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. ते खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी शिकलेलं कोणी नाही. पण येडंबी कोणी नाही." मी म्हणाले, दादा, तो अजिबात येडा नाही, तेच तर मी सांगते आहे. "मंग त्याच्यावर अपंगाचा शिक्का काऊन मारता?" त्यांच्या बोटांवर ठिणग्यांचे काळे डाग होते. शिक्का या शब्दाला मी काय उत्तर देणार? कागदाशिवाय हक्क मिळत नाही, आणि कागद म्हटला की बापाला शिक्काच दिसतो. मी त्यांना ती वही दाखवली. दविस कसा तयार होतो ते पेन्सिलीने लिहून दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं. वेल्डिंगवाल्या माणसाला सांधा कुठे बसतो हे पटकन कळत असावं. म्हणाले, "म्हंजे हे लाकूड आधी लावा लागते, अन् पोट्टं मागून लावून राहिलं." मी म्हणाले, अगदी हेच. बावीस वर्षांत मला जे सांगता आलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. दाखल्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. "त्याच्या आईले विचारतो," म्हणाले. मी घाई करणार नाही, पण सोडणारही नाही.

सोमवारी मी वर्गात पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन गेले. लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू, त्यांवर मोठी अक्षरं. द, व, स, म, र, च. वेलांटी वेगळ्या पुठ्ठ्यावर, लाल. त्याला एकट्याला द्यायचे नाहीत, हे ठरवलं होतं. सगळ्या वर्गाचे गट पाडले आणि जमिनीवर बसवलं. म्हटलं, दिवस बनवा, पण बनवताना तोंडाने म्हणायचं. आणि काय झालं, तर गटागटांत भांडणं. वेलांटी द नंतर ठेवायची की आधी? जी मुलं रोज बरोबर लिहितात तीसुद्धा अडखळली, कारण आजवर त्यांचा हात लिहीत होता, त्यांनी कधी विचार केला नव्हता. एका मुलीला मी विचारलं, ही लाल वेलांटी आधी का बसली? ती म्हणाली, "मॅडम, ही आगाऊ आहे." सगळा वर्ग हसला. आगाऊ वेलांटी. तिचा आवाज येतो नंतर, पण जाऊन बसते सगळ्यांच्या पुढे. तेव्हापासून आमच्या वर्गात पहिली वेलांटी हा शब्दच राहिला नाही. कोणी दविस लिहिलं की शेजारचा ओरडतो, "आगाऊ, आगाऊ!" आणि कळलं असं की दविस लिहिणारा काही तो एकटा नव्हता. सहा-सात जण अधूनमधून तेच करत होते. त्यांची इतर अक्षरं सुबक, त्यामुळे माझ्या डोळ्यांतून ते सुटत होते.

तिसऱ्या बाकावरचा त्या दिवशी खूप गप्प होता. मग त्याने स्वतःहून लाल पुठ्ठा उचलला, मच्या आधी ठेवला आणि मिरची म्हटलं. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. पाच-सहा वेळा. गटातली बाकीची पोरं पुढच्या शब्दावर गेली होती. तो तिथेच बसला होता, बापासारखा, सांधा बसतो का ते पाहत.

शुक्रवारचं श्रुतलेखन मी बंद केलं नाही. पण आता दहा शब्द सांगते आणि म्हणते, ज्याला जितके नीट लिहावेसे वाटतात तितके लिहा, उरलेले सोमवारी. पहिल्या शुक्रवारी वर्गातला सगळ्यांत हुशार मुलगा दोन शब्द लिहून पाणी प्यायला गेला. मला राग आला, पण मीच तसं म्हटलं होतं. याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. काही पालकांना वाटतं मी सैल झाले. तपासायला वेळ दुप्पट लागतो, कारण आता चूक दिसली की ती कोणत्या क्रमाने झाली असेल ते मी हाताने गिरवून बघते. चाळीस वह्या असल्या की मनगट दुखतं. रोज होत नाही. ज्या दिवशी हजेरी, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन भरायची माहिती डोक्यावर असते त्या दिवशी मी पूर्वीसारखेच भराभर गोल मारते, आणि ते मारताना मला माहीत असतं.

सूर्य तो अजून सूरयच लिहितो. र डोक्यावर चढतो हे त्याला पटायला वेळ लागेल. ७२ चंही तसंच, पण आता सत्तावीस सांगितलं की तो आधी ओठांत काहीतरी पुटपुटतो आणि मग लिहितो. मी कान देऊन ऐकलं तर तो म्हणत होता, वीस सात. मी वर्गात ते शिकवलं नव्हतं. त्या इडलीवाल्यांच्या मुलीकडून त्याने उचललं असावं, दोघं एकाच गटात बसतात.

परवाच्या शुक्रवारी घंटा झाल्यावर तो पुन्हा टेबलाशी आला. बाहेर ऊन आताच करपायला लागलं आहे, पुढच्या महिन्यात सकाळची शाळा होईल. त्याने वही ठेवली, पान उघडलं. त्याचा डावा हात पानावर नव्हता, दप्तराचा पट्टा सावरत होता. "मॅडम, आज चारच झाले," म्हणाला. "बाकीचे सोमवारी लिहितो." आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता निघून गेला. चारांतला एक चुकला होता. मी तारीख घातली, सही केली आणि वही मिटायच्या आधी मागची पानं चाळली. ते पान सापडलं. भोक पडलेलं, पाच त्याचे आणि पाच कोरलेले. त्याच्यावर मी अजून काहीच लिहिलेलं नाही.